लोहचुंबक

टेलरमास्तर तसे गबाळेच. टाचण्या ओठांत, ओवलेली सुई झोपायच्या उशीत, मशीनची तुटलेली सुई पडेल तिथे. बायकोला दिवस गेले आणि ती हात धुऊन मागे लागली. "अहो, बाळ रांगायला लागलं की दिसेल ते तोंडात घालेल. आत्तापासून सवय लावा!" सगळ्या सुया डबीत गेल्या. रोज काम आटोपलं की मास्तर दोरीला बांधलेलं लोहचुंबक खोलीभर फिरवू लागले, लहान मूल गाडी ओढतं तसं.

परवा दोघं दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परतली. आज मास्तर मशीनवर बसले आणि हातातली टाचणी खाली पडली. सवयीनं त्यांनी लोहचुंबक उचललं.



"राहू द्या," भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "आता कुणाला टोचणार आहे ती?"