जिवंत आमिष

जाळं पुन्हा रिकामंच वर आलं. तांडेल इद्रीसने ते पायानेच बाजूला सारलं. बोटीच्या टाकीत जिवंत आमिष, बारकी मासळी, नसेल तर मोठ्या कुपा माशांमागे जाऊन करायचं काय?

"हिल्मी, तू उतर," तो मेहुण्याला म्हणाला. "बघ जरा, आमिषाची पोरं कुठं दडून बसलीत."

हिल्मीची पाळी दुपारची. समोर वाळू उपसणाऱ्या यंत्रावर तो कामाला होता. उपसा नव्या धक्क्यासाठी होता; बोटी लागायला बेटाला तो सगळ्यांनाच हवा होता, इद्रीसलाही. गाळ प्रवाळावर जाऊ नये म्हणून पाण्यात पडदा सोडला होता. तो ईदच्या आधीच फाटला. हिल्मीनेच पाहिला. "नंतर बघू," राजधानी मालेहून आलेला मुकादम म्हणाला, आणि हिल्मीने पंप सुरू केला.

त्याने बुडी मारली. पाणी तांदळाच्या धुवणासारखं. प्रवाळावर पिठासारखा थर बसलेला. पिल्लं होती, पण मोजकीच, नखाएवढी, निळी. एरवी हात पुढे केला की ती सळकन प्रवाळाच्या फांद्यांत शिरायची. आज हललीच नाहीत. कल्ले नुसते धपापत होते. एक तर त्याच्या बोटाला टेकून राहिलं.

तो वर आला.

"दिसली?"

"आहेत थोडी."

"मग हाकल की जाळ्यात!"

"हाकलली तरी हलत नाहीत, दाजी."

"तुझ्यावरच गेलीत!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

इद्रीस हसला नाही. "हे खलाशी म्हणतात, त्या यंत्रानं घात केला. मी म्हटलं, आपला हिल्मी आहे ना तिथं! असं काही असतं तर आधी आपल्याला सांगितलं असतं त्यानं."

हिल्मीने बोटीची कड घट्ट धरली.

"पडदा फाटलाय, दाजी. मला ठाऊक होतं. तरी पंप चालवला."

कुणी शिवी दिली नाही. तीच त्याला हवी होती. इद्रीसने त्याला वर घ्यायला पुढे केलेला हात तसाच राहिला, मग खाली गेला.

"बुचं मारा रे," तो खलाशांना म्हणाला.

आमिष जगावं म्हणून टाकीच्या तळाच्या भोकांतून समुद्र आत खेळता ठेवलेला होता. आता आमिषच मिळणार नव्हतं; ती भोकं बंद होऊ लागली. आत हातोडीचे घाव पडत होते, आणि पाण्यात लोंबकळलेल्या हिल्मीला त्यातला एकेक घाव बोटीच्या अंगातून तळहाताला कळत होता.