अस्वलांची घंटी

जपानमधल्या होक्काइदोच्या डोंगरात रानभाजी खुडायला जाताना यासुओ पाठपिशवीला घंटी बांधायचा. तिच्या आवाजाने अस्वलं दूर राहतात. त्याच्या बायकोची, फुमिएची, नजर वेगाने जात होती. आहे तोवर तिला युरोप पाहायचा होता. म्हणून पॅरिस, प्राग, व्हिएन्नाच्या गर्दीतही घंटी वाजायची आणि फुमिए आवाजामागे चालायची. “इथे अस्वलं फार आहेत वाटतं,” ती चिडवायची. व्हेनिसच्या चर्चमध्ये रखवालदाराने ओठांवर बोट ठेवलं. ओशाळून यासुओने घंटी काढून मुठीत दाबली आणि तो सवयीने पुढे गेला. वळला तेव्हा फुमिए दूर मागेच राहिली होती, खांब धरून उभी. अख्ख्या संसारात त्याने चारचौघांत तिचा हात धरला नव्हता, आता धरला. “अहो, लोक बघतायत!” “तुला कुठे दिसतंय?” ती हसली. “मग छतावर काय आहे सांगा.” त्याने मान वर केली. “अस्वलं. सगळी सोनेरी.”