उलटी वाचलेली गोष्ट

ठकी दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर चक्क बसली होती.

"मला नको कुणाचं रक्त," ती म्हणाली.

पलंगाशेजारच्या दांडीवर लाल पिशवी केव्हाची लटकत होती. सिस्टर सुई घेऊन एकदा येऊन परत गेल्या होत्या.

ठकीच्या अंगात जन्मापासूनच रक्त टिकत नसे. दर काही आठवड्यांनी ते बाहेरून चढवावं लागे. आजवर तिने कधी कुरकुर केली नव्हती. पण या खेपेला वर्गातल्या एका दिवट्याने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तू दुसऱ्यांचं रक्त घेतेस ना? म्हणजे तू व्हॅम्पायरच की!" झालं. घरी येऊन तिने व्हॅम्पायरची सगळीच्या सगळी कॉमिक्स पोत्यात कोंबली. हीच पोरगी जेवतानासुद्धा त्यांच्यातून डोकं वर काढत नसे.

आईने समजावलं, दटावलं, आइस्क्रीम कबूल केलं. ठकी ढिम्म हलली नाही. तिचे ओठ मात्र पांढरे पडत चालले होते.

काहीतरी करायचं म्हणून आई वॉर्डातल्या पुस्तकांच्या फळीपाशी गेली. घरी जाणारी मुलं वाचून झालेली पुस्तकं तिथे ठेवून जात. एका जाडजूड मालिकेचे भाग एक, दोन आणि चार होते. तिसरा कुणीतरी लांबवलेला. अक्षरं अनोळखी, मुखपृष्ठावर सुळे. नेमकं हेच! ती पहिला भाग परत ठेवणार होती, पण चाळता चाळता थबकली. असली पुस्तकं मागून पुढे वाचायची, हे ठकीनेच तिला शिकवलं होतं. तिने तशीच पानं उलटली आणि लगबगीने परत आली.

"ठके, हा तुझ्या सगळ्या व्हॅम्पायरांपेक्षा निराळा आहे गं. हा रक्त पीत नाही, वाटतो! हा बघ, गुबगुबीत गालांचा. लोकांना वाट्या भरभरून देतोय."

ठकीने तिरक्या नजरेने पाहिलं. "मग पुढे?"

"पुढे..." आई पानं उलटत गेली. पानागणिक त्या माणसाचे गाल बसत चालले होते. शेवटी तो पांढराफटक होऊन एका फाटकाशी आडवा पडला होता, एकटाच. "पुढे तो... झोपतो."

"झोपतो की मरतो?"

कुठून हे दाखवायची बुद्धी झाली! आई घाईघाईने पुस्तक मिटू लागली.

"दाखव इकडे." ठकीचा एक हात मांडीखालून सुटला, मग दुसरा. तिने पुस्तक ओढून घेतलं. "अगं आई! हे कोरियन आहे!"

"मग?"

"मागून वाचायची ती जपानी. कोरियन आपल्यासारखीच वाचतात. तू अख्खी गोष्ट उलटी वाचलीस!" बऱ्याच दिवसांनी ती खुदकन हसली.

तिने पुस्तक फिरवून मांडीवर घेतलं. फाटकाशी पडलेला माणूस आता पहिल्या पानावर आला.

"हा मरायला टेकलाय, तरी चावत नाहीये," ठकी बोट फिरवत म्हणाली. "माझा जपानीवाला आधी चावतो आणि मग पावसात उभा राहून रडतो. तो लांब कोटवाला तर खिडकीतून घुसतो, विचारत पण नाही. आणि हा बघ ना... याच्याकडे लोकच आलेत. वाट्या तेच आणतायत. सगळ्यांच्या मनगटाला पट्टी आहे."

"बळजबरीने आणलंय का त्यांना?"

"छे! ही आजी तर रांग मोडून पुढे घुसतेय."

पानं उलटता उलटता तिचा आवाज हळू झाला. शेवटच्या पानावर तो माणूस गुबगुबीत झाला होता आणि गावातल्या पोरांना पाठीवर घेऊन पळत होता. ठकी ते चित्र बघत राहिली. मग तिने दांडीवरच्या पिशवीकडे मान वर करून पाहिलं.

सिस्टर पुन्हा आल्या, या वेळी जरा कडक चेहऱ्याने.

"सिस्टर," ठकीने विचारलं, "रक्त द्यायला येतात त्यांना कुणी धरून आणतं का?"

"धरून?" सिस्टरांचा कडकपणा कुठल्या कुठे गेला. "अगं, परवा एका काकांना वजन कमी भरतंय म्हणून परत पाठवलं, तर दारातच भांडायला लागले. घ्या म्हणजे घ्या! बाहेर जाऊन केळी खाऊन आले आणि पुन्हा काट्यावर चढले."

ठकीने बाही वर केली आणि हात पुढे केला.

"ते परत आले ना, तर त्यांना सांगा," ती म्हणाली, "मी चावत नाही."