सोवळ्यातली विहीर

आत कप्पी तीनदा करकरली. ओसरीवर टेकलेल्या शारदाताईंनी मनातल्या मनात मोजलं. ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा, त्याच पाण्यानं बाटली आधी तीनदा विसळायची. हे त्यांनीच प्रेमलाकाकूंना शिकवलं होतं, त्याला एकोणीस वर्षं झाली.

नियम आणखी एक होता. नमुना घेणाऱ्यानं पाणी स्वतः काढायचं. पण आतल्या चौकातली विहीर सोवळ्यातली. टेम्पोत बसून आलेल्या, ऑफिसच्या साडीतल्या बाईनं तिथं पाय ठेवायचा नाही. दुसरा कुणी केमिस्ट असता तर त्यानं ऐकलं नसतं. शारदाताई इथल्याच, झाशीच्या दतिया गेटपासून दोन गल्ल्या सोडून वाढलेल्या. त्यांच्या आईचं सोवळंही असंच कडक. पहिल्या वर्षी त्या ओसरीवर थांबल्या, त्या दर वर्षी थांबल्याच.

आता तर उठायचाही कंटाळा येत होता. शुक्रवारी निवृत्ती. छत्तीस वर्षं गावोगावचं पाणी बाटल्यांत भरून आणलं, आकडे लिहिले, आकडे फायलीत गेले. गावं तेच पाणी पीत राहिली.

"ही घे तुझी बाटली. आणि चहा घेतल्याशिवाय उठायचं नाही." काकू भिंत धरून धरून खाली बसल्या. मान वळवायची तर हल्ली त्यांना अख्खं अंग वळवावं लागे.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतो, उम्र का तकाज़ा है. पंच्याहत्तर वर्षांच्या हाडांना तो बिचारा दुसरं काय म्हणणार?"

"दिवाकर दिसत नाही तो?"

"सोमवार ना आज. ओरछ्याला गेलाय. दर्शन घेईल, देवाला बेतवा नदीचं पाणी भरून घेईल, कचौड्या हाणेल आणि घरी येऊन म्हणेल, आई, भूक नाही."

चहा घेऊन आलेली नात, स्वरदा, हसली. हसताना तिनं तोंडावर हात धरला. तरी दातांवरचे तपकिरी पट्टे शारदाताईंना दिसलेच.

"शाळेत कुठलं पाणी पितेस गं?"

"हँडपंपचं. और क्या!"

शारदाताईंनी मान हलवली. झाशी सगळी ग्रॅनाइटवर बसलेली. पाणी त्या दगडात मुरतं आणि दगडातलं फ्लोराइड विरघळवून वर आणतं. आधी मुलांचे दात जातात, मग माणसं लाकडासारखी ताठ होतात. शाळेच्या हँडपंपाचा आकडा तीनच्या वर होता; दीडच्या वर गेला की पाणी धोक्याचं. या गल्लीत चांगलं पाणी एकाच विहिरीला, काकूंच्या. तिथून शाळेपर्यंत पाइप पडला होता, मोटरही आली होती. यंदाच्या अहवालावर सही झाली की नळ सुरू. निवृत्त होण्याआधी एवढं एक व्हावं, असं शारदाताईंना फार वाटत होतं.

"तुमच्या सोवळ्याचं काय करणार, काकू? प्लंबर आत येणार."

"आंघोळ करून येऊ दे मेल्याला. लेकरांच्या पाण्यापुढं माझं सोवळं काय घेऊन बसलीस?"

प्रयोगशाळेत मात्र मेघना अडून बसली. वर्षभरापूर्वी आलेली अधिकारी, वयानं शारदाताईंच्या मुलीएवढी. सही तिची लागत होती.

"दीदी, बुरा मत मानिए. पूरी गल्ली तीनच्या वर. दगड तोच, खोली तीच. मग ही एकच विहीर पॉइंट चार कशी?"

"दगडाला भेग असते, मेघना. एखादी भेग लांबच्या तलावापर्यंत जाते. तिथलं ताजं पाणी दगडात न मुरता थेट येतं."

"आणि आकडा एकोणीस वर्षं तोच? अशी विहीर मी तर कुठे पाहिली नाही." मेघना फायलीकडे बघत राहिली. शारदाताईंना कळलं. पोरीला वाटत होतं, म्हातारी टेबलावर बसून आकडे लिहिते.

"पानी आपने खुद निकाला था?"

"मी तिथंच होते," शारदाताई म्हणाल्या. "माझ्यावर नको ना विश्वास ठेवूस. बाटली घे आणि तूच तपास."

मेघनानं तपासलं. शारदाताई खिडकीपाशी बसून राहिल्या. आकडा चुकीचा निघाला तर छत्तीस वर्षं पाण्यात गेली, आणि शाळेचा नळही गेला. मेघनानं दुसऱ्यांदा तपासलं. तिसऱ्यांदाही.

"पॉइंट चार," ती हळूच म्हणाली. "माफ़ कीजिए, दीदी." आणि तिनं सही केली.

शुक्रवारी शाळेत नळाला झेंडूची माळ घातली होती. हेडबाईंनी शारदाताईंना शाल दिली, मेघनानं टाळ्या वाजवल्या. नळ सुटला आणि मुलांनी एकच गर्दी केली. ओंजळी भरभरून, बाटल्या लावून पीत होती. स्वरदा सगळ्यात पुढं होती.

काकूंना दिवाकरनं रिक्षातून आणलं होतं. शारदाताई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. कितीतरी वर्षांनी त्यांना हलकं वाटत होतं.

"काकू, एकोणीस वर्षांत तुमच्या विहिरीनं एकदाही मान खाली घालायला लावली नाही."

काकू अख्ख्या अंगानं त्यांच्याकडं वळल्या.

"विहिरीचं कुठलं गं? विहिरीच्या पाण्यानं बाटली विसळायची, तू सांगितलंस तशी, तीनदा. पण सरकारदरबारी तपासायला द्यायचं म्हटल्यावर घरातलं सगळ्यात चांगलंच द्यायला हवं ना? दर वर्षी देवघरातलं बेतवेचं भरून देते मी."