दोन बायकांची नावं

वाचता वाचता प्रमोदिनीबाई थांबल्या.

के. आर. पुरमच्या त्या चर्चमध्ये रविवारी तीन ते पाच मराठी उपासना असते. पाचनंतर कन्नड मंडळी येते. आजचं वाचन प्रमोदिनीबाईंकडे होतं, बायबलमधलं, पौलाने तुरुंगातून मंडळीला धाडलेलं पत्र. पत्रभर तो उपकार मानत राहतो, आणि शेवटाकडे एकदम दोन बायकांना नावानिशी विनवतो, की एकमेकींशी एका मनाने राहा. त्या कशावरून भांडल्या होत्या, ते त्याने लिहिलेलं नाही.

कुणी मान वर केली नाही. इथल्या दोन बायका सगळ्यांना ठाऊक होत्या. एक पुस्तक धरून समोर उभी होती. दुसरी, प्रतिमा, डावीकडच्या तिसऱ्या बाकावर नवऱ्याशेजारी बसली होती. नाताळात तिच्या मुलीने, शमिकाने, गिटारवर नवं गीत धरलं, तेव्हा प्रमोदिनीबाईंनी भर उपासनेत हात वर करून तिला थांबवलं होतं. शमिका त्यानंतर चर्चला आली नाही. आता पुढच्या रविवारपासून प्रतिमासकट डावीकडे बसणारी बारा कुटुंबं शहरातल्याच कोरमंगला भागात वेगळी उपासना सुरू करणार होती.

पाळकसाहेबांना वाटलं, चष्म्याची अडचण असेल. ते अर्धवट उठले.

“मी वाचू का, अक्का?”

“नको. बसा तुम्ही.”

पुस्तकात बोट घालून त्या पायरी उतरल्या. गुडघे धड नव्हते. एकेका बाकाचा आधार घेत तिसऱ्या बाकापाशी पोहोचल्या. समोर सत्तरीची बाई उभी, म्हणून प्रतिमाही उठून उभी राहिली. तिने नजर मात्र वर केली नाही.

“शमिकाचं गाणं चांगलं होतं,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या. आवाज वाचनाचाच होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. “मला ते येत नव्हतं. चाळीस वर्षं इथे गाणं मीच सांगत आले. आता आपलं काय, असं वाटलं, म्हणून थांबवलं. दुसरं काही कारण नव्हतं.”



“हे तिला सांगाल?” प्रतिमाने विचारलं.

“सांगेन. घरी येऊ?”

“ती दार लावून घेईल, अक्का. तुमचं नाव काढलं तरी उठून जाते.”

“मग दाराबाहेरून सांगेन.”

प्रतिमाने पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. तिने प्रमोदिनीबाईंचा हात दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, “सरी, बरं. आधी वाचन पुरं करा. लोक थांबलेत.”

प्रमोदिनीबाई तिथूनच वाचायला लागल्या. पुढच्याच ओळीला डोळे भरून आले आणि अक्षरं दिसेनात. प्रतिमाने पुस्तकाची एक बाजू धरली आणि राहिलेलं वाचून काढलं. नगरकडचा तिचा हेल त्या भिंतींमध्ये आज पहिल्यांदाच वाचनात ऐकू आला.

वाचन संपल्यावर पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले, पण उपदेश झाला नाही. उजवीकडची माणसं डावीकडे येत होती, डावीकडची उजवीकडे. जो तो समोरच्याला सलाम करत होता, हात हातात घेत होता. प्रतिमाचा नवरा उमाकांत गर्दीतून पुढे आला.

“पाळकसाहेब, पुढच्या रविवारी आम्ही इथेच येतो. कोरमंगलाच्या हॉलवाल्याला मी कळवतो.”

पाळकसाहेबांनी मान डोलावली.

पाच वाजून गेले होते. कन्नड मंडळी दारात येऊन थांबली होती. आत काय चाललंय हे त्यांना कळेना, पण थांबवावं असंही कुणाला वाटलं नाही. थोड्या वेळाने त्यांच्यातली एक म्हातारी चपला काढून आत आली. प्रमोदिनीबाई सगळ्यांत जवळ होत्या. म्हातारीने त्यांचे हात धरले आणि कन्नडमध्ये विचारलं, “तुमच्यात दर रविवारी असं करतात का?”

“नाही, अम्मा,” प्रमोदिनीबाई कन्नडमध्येच म्हणाल्या. “आजपासून.”