झेंडूची चौकट

उटनूरच्या घरी मैत्री वेब डिझाइनचा पहिला प्रकल्प सुधारत बसली होती. पानावर घरच्यांचे फोटो होते. वारलेल्या आजोबांच्या फोटोला तिनं सीएसएसमध्ये, म्हणजे पानाच्या सजावटीच्या कोडमध्ये, झेंडूच्या रंगाची चौकट दिली, भिंतीवरच्या हारासारखी.

पान उघडलं, तर चौकट आईच्या फोटोलाही होती.

"आई, काय करून राह्यली?"

"भाकरी थापून राह्यले. काऊन?"

मैत्रीनं सगळा कोड तपासला. आईला चौकट कुठंच दिलेली नव्हती. घाबरून तिनं चौकटीची ओळच पुसली. आजोबांची चौकट गेली. आईची तशीच राहिली.

शेवटी तिनं आईचा फोटोच काढून टाकला.

चौकट तिथंच होती, रिकामी.

स्वयंपाकघरातली थापथाप थांबली.

"आई?"

भाकरी करपल्याचा वास यायला लागला.