भांडायला जागा

ज्वालामुखीच्या विवरात तंबू ठोकून होताच हेमांगीने मानेतली चकती चाचपली. ती गार पडली होती. खाली जरा आवाज चढला की माणसाचा राग विझवून टाकणाऱ्या त्या चकतीला साडेपाच हजार मीटरांवर सिग्नल मिळत नव्हता. नऊ वर्षं अडलेलं भांडण काढायला ती मुद्दाम नवऱ्याला इथवर घेऊन आली होती.

“प्रफुल्ल, तू मला... न विचारता... माझ्या नोकरीला...” विरळ हवेत तिला धाप लागली. मेलं एक वाक्य पुरं होईना!

“नकार... कळवला,” त्यानेच धापा टाकत ते पुरं केलं आणि तिची पाठ चोळू लागला.

तिने हात झटकला. “चोळू नकोस! उद्या खाली उतरले की... मी तुला... माफ केलेलं असेल.”